गोठा रिकामा कसा झाला?

सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या पट्ट्यातल्या एखाद्या गावात आज जुना गोठा बघायला गेलात तर तो बहुतेक ठिकाणी सापडतो. फक्त त्यात गुरं नसतात. गव्हाणीत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी टाकलेली असतात, दावणीच्या जागी मोटारसायकल उभी असते, खुंटीला कासऱ्याऐवजी फवारणीचा पंप लटकत असतो. छपराचा एक कोपरा खाली आलेला असतो आणि घरातलं कुणीतरी सांगतं, "यंदा पाडायचाच आहे."

का रिकामा झाला असं विचारलं की उत्तर तयार असतं: ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठा ओस पडला. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. ट्रॅक्टर आपल्या देशात १९६० च्या सुमारास बनू लागले. मराठवाड्यातले गोठे मात्र त्यानंतरही तीस-चाळीस वर्षं भरलेले होते. म्हणजे नुसतं यंत्र येऊन भागलं नाही, आणखी बरंच काही घडावं लागलं. ते काय, हे समजून घ्यायचं तर आधी गोठा नेमकं काय काम करत होता ते बघायला हवं.

गोठा म्हणजे गुरं बांधायची जागा, एवढंच आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात त्या एका छपराखाली शेतीचं जंक्शन होतं. शेतातून कडबा, भुसकट, बांधावरचं गवत तिथे यायचं. तिथून बैलांच्या रूपात नांगरणीची, पेरणीची, मोटेची आणि गाडीची ताकद बाहेर पडायची. शेण-मूत आणि गव्हाणीतला उष्टा चारा उकिरड्यावर जाऊन उन्हाळ्यात शेतात परत जायचा. धान्याची कणगी आणि कडब्याची गंजी गोठ्याच्या आसपासच. आऊतं, जू, शिवळा, दोरखंड, पाभर सगळं तिथेच आढ्याला नाहीतर भिंतीला. शिवाय राखणदार माणूसही तिथेच झोपायचा.

प्रदेशागणिक रूप बदलायचं. वऱ्हाडात त्याला कोठा म्हणतात. परभणी-हिंगोलीकडे शेतातच आखाडा असायचा आणि अर्धा संसार तिकडे हलायचा. कोकणात गुरांचा वाडा घरापासून जरा वेगळा, वर पेंढा साठवलेला, कारण तिथला पाऊस उघड्यावर काही ठेवू देत नाही. देशावर मात्र गुरं बऱ्याचदा घराच्या पुढच्याच खणात असत. दिंडी दरवाजातून आत गेलं की आधी बैल, मग माणसं. मी या लेखात मुख्यतः देशावरच्या आणि मराठवाड्यातल्या गोठ्याबद्दलच बोलणार आहे, कारण तिथे हा बदल सगळ्यात स्पष्ट दिसतो.

बैल खातो किती, राबतो किती

थोडं गणित करू. चारशे किलो वजनाचा बैल दिवसाला साधारण त्याच्या वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे दहा किलो कोरडा चारा खातो. जोडीचे झाले वीस किलो. वर्षाचे सात टनांहून थोडे जास्त. आता कोरडवाहू ज्वारी चांगल्या वर्षी एकराला टन-दोन टन कडबा देते. नुसत्या कडब्यावर जोडी पोसायची ठरवली तर चार-पाच एकर ज्वारी हवी. अर्थात कुणीही नुसत्या कडब्यावर बैल पोसत नसे. पावसाळ्यात गायरान, बांधावरचं गवत, निंदणीतलं तण, तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट, दिवाळीनंतर मोकळी रानं. ते सगळं धरूनही दोन-तीन एकरांचा कडबा लागायचाच.

बैलाचं पोट वर्षाचे ३६५ दिवस चालतं. त्याचं काम मात्र कोरडवाहू रानात सगळे दिवस मिळून दोन-तीन महिन्यांचं. उरलेले नऊ महिने तो उभ्यानं खातो. दहा-अकरा एकर शेती असली तर हा खर्च पसरला जातो. तीन एकरांवर तोच बैल महाग पडतो, कारण रान कमी झालं म्हणून बैल कमी खात नाही.

आणि रान कमी झालंच. १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी वहिवाटीची जमीन ४.२८ हेक्टर होती, म्हणजे साडेदहा एकर. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर, जेमतेम सव्वातीन एकर. तीन-चार भावांत वाटणी झाली, पुढच्या पिढीत पुन्हा झाली. सव्वातीन एकरांच्या मालकानं जोडीसाठी दोन-अडीच एकर ज्वारी पेरायची तर मग स्वतःसाठी काय पिकवायचं? माझ्या मते गोठ्याच्या रिकामेपणाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. ट्रॅक्टर दिसतो, फोटोत येतो. सातबाऱ्यावर वाढत गेलेली नावं फोटोत येत नाहीत.

यावर जुन्या लोकांनी एक तोड काढलेली होती. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी वारंगुळा करायचा. आज तुझं रान, उद्या माझं. काळ्या भारी जमिनीत लोखंडी नांगर ओढायला सहा-आठ बैल लागत, तेव्हा चार घरांचे बैल एकत्र यायचे. हा लोखंडी नांगरही तसा नवाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आधी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. त्याआधी लाकडी नांगरावर काम चालायचं. गंमत अशी की आपल्याकडच्या या सुरुवातीच्या कारखानदारीचं गिऱ्हाईक मुळात गोठाच होता.

वारंगुळा चालायला गावात बरेच बैल असावे लागतात. दहापैकी सहा घरांचे बैल गेले की उरलेल्या चारांना जोडीदार मिळत नाही आणि मग तेही विकतात. त्यामुळे अनेक गावांत बैल हळूहळू कमी होत गेले आणि मग एकदम पाच-सात वर्षांत नाहीसे झाले. भाड्याचा ट्रॅक्टर त्याच वेळी दारात उभा होता. बैलांना एक एकर नांगरायला दिवस-दीड दिवस लागायचा; ट्रॅक्टरवाला तास-दीड तासात उरकून पैसे घेऊन जातो, आणि नंतर त्याला चारा-पाणी करावं लागत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत हे सरळ दिसतं. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातला गोवंशातला नर जवळपास ३० टक्क्यांनी घटला, ६.७९ कोटींवरून ४.७४ कोटींवर. त्याच काळात गाई १८ टक्क्यांनी वाढून साडेचौदा कोटींवर गेल्या. म्हणजे जनावर गेलं असं सरसकट म्हणता येत नाही. बैल गेला, गाय वाढली. हा फरक पुढे लागणार आहे.

ज्वारीची उंची

बैलाइतकीच महत्त्वाची दुसरी कडी म्हणजे ज्वारी. ज्वारी हे एकाच ताटातलं दोघांचं अन्न होतं. कणीस माणसाला, ताट बैलाला. सोलापूर-बीडकडची मालदांडी रब्बीत पुरुषभर उंच वाढते. मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही शेतकरी पेरतात, त्यामागे दाण्याच्या चवीइतकाच कडब्याचा विचार असतो.

१९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. लोक त्याला सरळ 'हायब्रीड' म्हणू लागले. दाणा भरपूर, पीक लवकर तयार, पण ताट बुटकं. धान्य वाढलं आणि कडबा घटला. शिवाय खरिपात कापणीच्या वेळी पाऊस आला की कणसं काळी पडायची. पोट भरण्याच्या काळात हा सौदा चुकीचा नव्हता. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी रेशनवर अमेरिकेतली लाल मिलो ज्वारी खाल्ली होती. ज्यांच्या घरात ती आठवण ताजी होती, त्यांना दाणा जास्त देणारं पीक नको म्हणून सांगणं सोपं नव्हतं. त्याच दुष्काळात चाऱ्याअभावी बैल कवडीमोलानं गेले होते, हेही तितकंच खरं.

मग रेशनवर गहू-तांदूळ सरावाचे झाले. १९९० नंतर सोयाबीननं मराठवाडा-विदर्भातलं खरिपाचं रान व्यापलं. सोयाबीन मळल्यावर जे भुसकट उरतं ते जनावर खातं, पण नाइलाजानं. कापसाच्या पऱ्हाट्या तर चुलीतच. जिथे कॅनॉल आला तिथे ऊस आला, त्याचं वाढं गुरांना मिळतं, पण तेवढ्या हंगामापुरतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात साठ लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर ज्वारी होती. आज त्याच्या एक-तृतीयांशही धड उरलेली नाही.

ज्वारी कमी झाली तशी कडब्याची गंजी गेली. पूर्वी सुगीनंतर बुचाडं मोडून पेंढ्या बांधत, पाचुंद्यावर, म्हणजे पाच-पाच पेंढ्यांनी, मोजत आणि घराशेजारी रचत. रचणं हे कसबाचं काम होतं. पेंढीचे बुडखे बाहेर, शेंडे आत, मध्यभाग किंचित उंच, म्हणजे पावसाचं पाणी आत न मुरता बाहेर ओघळतं. ज्याची गंजी मोठी, त्याच्या घरी सोयरीक करायला लोक तयार असत, कारण पुढच्या दुष्काळात ते घर तग धरणार याचा तो पुरावा होता. बँकेत शिल्लक दाखवायची सोय नसलेल्या काळात ही शिल्लक सगळ्या गावाला रस्त्यावरून दिसायची.

खळ्याबद्दल थोडक्यात. मधोमध तिवडा रोवून त्याभोवती मुसकी घातलेले बैल फिरवायचे, मग वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, उभं राहून वाऱ्यावर उफणायचं. हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, आला आणि आठवड्याचं काम दुपारपर्यंत संपू लागलं. त्या खळ्याबद्दल हळहळणारी माणसं मला भेटली आहेत, पण कुसळं अंगाला टोचत असताना भर उन्हात वाऱ्याची वाट पाहणाऱ्यांपैकी कुणी हळहळताना फारसं दिसलं नाही.

कणगी, बळद आणि पेव

धान्य साठवण्याच्या जुन्या पद्धती बऱ्याच जणांना मागासलेल्या वाटतात. मला त्यातलं विज्ञान जास्त भावतं, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

धान्याचे शत्रू तीन: ओल, कीड आणि उंदीर. तिघांतली ओल सगळ्यात वाईट, कारण ओल असली की कीड वाढते, बुरशी येते आणि धान्य तापतं. कणगी ही निरगुडीच्या फोकांची, तुराट्यांची किंवा बांबूची विणलेली असायची आणि आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. लिंपण सुकलं की ते आतली थोडी ओल शोषून घेतं आणि बाहेर सोडतं. तळाला दगड लावून ती जमिनीपासून उचललेली असे. धान्यात कडुलिंबाचा पाला किंवा राख मिसळायची. राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचा मेणासारखा थर खरवडतात, त्याच्या अंगातलं पाणी उडून जातं आणि तो मरतो. ही राख विकत घ्यावी लागत नव्हती, चुलीतच होती. मोठ्या घरांत भिंतीच्या पोटातच बळद बांधलेलं असायचं. वरून धान्य ओतायचं आणि लागेल तसं काढायचं.

आणि पेव. जमिनीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं असलेली विहिरीसारखी जागा. तळाला आणि कडेनं कडब्याचा किंवा पाचटाचा थर, आत ज्वारी, वर पुन्हा चारा आणि मग तोंड मातीनं बंद. धान्याचा दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. बंद जागेत दाणे आणि त्यांच्यातले किडे मिळून प्राणवायू संपवतात आणि कर्बवायू सोडतात. प्राणवायू पुरेसा खाली गेला की किडे मरतात आणि धान्याचा श्वास मंदावतो. औषध नाही, धूर नाही, तरी ज्वारी दोन-तीन वर्षं टिकते. तिला एक आंबूस वास लागतो आणि रंग थोडा मळतो, पण दुष्काळात वासाला कोण विचारतं.

हीच गोष्ट माणसाच्या जिवावरही उठायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही असा दंडक होता. आधी तोंड उघडं ठेवून हवा जाऊ द्यायची, मग दोरीनं कंदील सोडायचा. कंदील विझला तर खाली प्राणवायू नाही. घाई करणारे लोक पेवात गुदमरून मेले आहेत.

पेवाचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण सांगलीजवळचं हरिपूर. तिथे ज्वारीऐवजी हळद साठवायचे. कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खणलं तरी भिंत ढासळत नाही आणि ओलही आत झिरपत नाही, म्हणून व्यापारी वर्षानुवर्षं हळद पेवात ठेवून भावाची वाट पाहत. २००५ च्या महापुरानं या पेवांचं मोठं नुकसान केलं, आणि दरम्यान गोदामं व शीतगृहं आलेली होतीच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

गावोगावची ज्वारीची पेवं मात्र पुराशिवायच बुजली. पेव हे साठवायचं साधन. सोयाबीन आणि कापूस साठवून खायची पिकं नव्हेत, विकायची आहेत. मळणी झाली की पोती थेट आडतीवर, किंवा भाव पडलेला असेल तर पुढच्या खोलीत थप्पी लावून वाट पाहायची. खायचा गहू-तांदूळ दर महिन्याला दुकानातून येतो. जे घर वर्षाचं धान्य एकदम भरतच नाही, त्याला कणगी कशाला लागेल? पत्र्याची एक कोठी पुरते.

किल्लारीनंतर

आता इमारतीकडे येऊ. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आणि गोठे दगड-मातीचे होते. दोन-अडीच हात जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा फांद्या आणि त्यावर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. दर पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून धुमसायची, म्हणजे ठोकून बसवायची, नाहीतर गळायला लागायचं. दरवर्षी मातीचा थर वाढत जायचा आणि छत जड होत जायचं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हेच जड छत हजारो लोकांच्या अंगावर आलं. दगडी भिंतींमध्ये आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला होता आणि दोन्हींना जोडणारे लांब दगड फारसे नव्हते. हादरा बसला की दोन्ही थर सुटले आणि छताचा आधारच गेला. यानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना जी भीती बसली, तिला वेड म्हणता येणार नाही.

लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, ओळीत प्लॉट, सिमेंटची घरं. घर मजबूत होतं, पण आखणी करताना गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा आणि आऊतं कुठे ठेवायची याला फारशी जागाच ठेवलेली नव्हती. लोकांनी मग घराला लागून पत्र्याची शेडं काढली, कुणी गुरं शेतातच बांधली. शेतात बांधलं की रात्री कुणीतरी तिथे राहायला हवं. ज्या घरात असा माणूस नव्हता, तिथे गुरं कमी झाली.

भूकंप न झालेल्या गावांतही पत्रा आलाच. गवताचं किंवा पाचटाचं छप्पर दर एक-दोन वर्षांनी शाकारावं लागतं, ठिणगी पडली तर गंजीसकट जळतं. पत्रा एकदा ठोकला की पंधरा-वीस वर्षं बघायला नको. त्याची एकच अडचण, एप्रिल-मे महिन्यात त्याखाली जनावर तापतं आणि खात नाही. म्हणून अजूनही कित्येक जण पत्र्यावर पाचट टाकतात.

शेण कोण काढायचं?

गोठ्याच्या आठवणी सांगणारे बहुतेक लेख शेणाच्या वासावर येऊन मऊ होतात. शेण काढत कोण होतं हा प्रश्न त्यात नसतो. पहाटे अंधारात उठून गोठा झाडणं, शेणाच्या पाट्या डोक्यावरून उकिरड्यावर नेणं, गोवऱ्या थापणं, पाणी शेंदून जनावरांपुढे ठेवणं ही कामं घरातल्या बायकांनी केली, त्यात सुना आधी. बैलाच्या दिमाखाचा मान मालकाला, औतामागे चालायचं काम सालगड्याला. सालगडी पाडव्याला ठरायचा, वर्षभराच्या बोलीवर. तो गोठ्यातच झोपायचा, मध्यरात्री उठून वैरण टाकायचा. त्याच्या मुलानं सालगडी व्हायचं नाकारलं, पुण्या-मुंबईकडे किंवा ऊसतोडीला गेला. शिकलेल्या सुनेनं पाटी उचलायचं नाकारलं. या दोन नकारांनी जितके गोठे रिकामे केले तितके कुठल्या कंपनीच्या ट्रॅक्टरनं केले नसतील. आणि हे नकार मला पूर्णपणे रास्त वाटतात.

विक्रीची बाजूही बदलली. पूर्वी बैल म्हातारा झाला की बाजारात विकून, त्यात थोडी भर घालून नवा गोऱ्हा घेता यायचा. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. या कायद्यावर ज्याचं-त्याचं मत वेगळं असू शकतं, पण हिशेबात एवढं होतं की काम न करणाऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं आणि त्याला मरेपर्यंत पोसायचा खर्च मालकावर आला. लहान शेतकरी नवीन जोडी घेताना याचा विचार करतोच. घट मात्र या कायद्याच्या फार आधी सुरू झालेली होती.

उलट बाजूला एक बैल चांगला जपला जातोय, तो म्हणजे शर्यतीचा खिल्लार जातीचा बैल. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम ठेवली. शर्यतीच्या बैलाच्या गोठ्यात पंखा असतो, खाली गादी असते. तो औताला मात्र कधीच जुंपला जात नाही.

नवा गोठा

इथे वर सांगितलेला फरक कामाला येतो: बैल गेला, गाय वाढली. त्यामुळे गोठा सरसकट नाहीसा झाला असं म्हणणं चूक आहे. अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर), पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या दूधपट्ट्यात नवे गोठे रोज बांधले जातात. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी संकरित गाई, गुरं न बांधता मोकळी सोडायचा मुक्त संचार गोठा, रबरी मॅट, कडबाकुट्टी, दूध काढायचं यंत्र. राज्य सरकारच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेतून २०२१ पासून दोन ते सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्यासाठी रोजगार हमीतून सुमारे ७७ हजार रुपये मिळू लागले.

हा गोठा जुन्यापेक्षा स्वच्छ आहे आणि जनावराला त्यात मोकळेपणही जास्त आहे. पण त्यातून फक्त दूध आणि शेण बाहेर पडतं. चारा बराचसा विकतचा, पेंड विकतची, वासरू नर झालं तर अडचण. दुधाचा भाव दोन रुपयांनी पडला की सगळं गणित कोलमडतं, कारण जुन्या गोठ्यात चार वेगवेगळे फायदे एकमेकांना सांभाळून घ्यायचे, नव्यात सगळी भिस्त दुधावर आहे. आणि ज्या कोरडवाहू मराठवाड्यात दुधाचं जाळं नाही, तिथे जुना गोठा गेला आणि त्याच्या जागी नवा आलाच नाही. शेणखत मिळेनासं झालं, जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला, आणि कृषी अधिकारी आता शेणखत घाला म्हणून सांगतात तेव्हा शेतकरी विचारतो, कुठून आणू? ट्रॉलीनं विकत आणलेलं शेणखत आज गावात चांगल्या भावानं जातं.

आणखी एक छोटी गोष्ट. आढ्यात, माळ्यावर राहणारं गव्हाणी घुबड. ते रात्रभर उंदीर मारतं. पत्र्याच्या सरळ शेडात त्याला बसायला आडोसा नसतो. उंदीर मात्र सोयाबीनच्या थप्पीत मजेत असतात.

विसरलेल्या गोष्टी वेगळ्या नावानं परतही येतात. दूधवाले शेतकरी हिरवा मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद पिशवीत भरतात आणि त्याचा मुरघास करतात. हवा काढून घेतली की चारा टिकतो. धान्यासाठीही आता हवाबंद पिशव्या मिळतात, ज्यात औषध न घालता कीड मरते. तत्त्व पेवाचंच, फक्त मातीऐवजी प्लास्टिक.

तुमच्या घरचा गोठा पाडायची वेळ आली असेल तर दोन कामाच्या गोष्टी. सागवानी तुळया, खांब आणि दरवाजाची चौकट पाडणाऱ्याच्या हवाली "मजुरीत घेऊन जा" म्हणून करू नका. जुन्या वाड्यांच्या लाकडाला शहरात व्यापारी चांगला पैसा देतात आणि गावात येऊन नेतात. आणि गोठ्याची जमीन. तिच्यात पिढ्यानपिढ्या बैलांचं मूत मुरलेलं असतं, ती नत्रानं भरलेली असते. जुने लोक दर काही वर्षांनी वरची वीत-दीड वीत माती खणून शेतात टाकायचे आणि नवी माती भरायचे. सिमेंटचा कोबा टाकायच्या आधी ती माती काढून घ्या, उन्हाळ्यात रानात पसरवा आणि पावसाआधी वखर मारून मिसळून टाका. फार जाड थर एका जागी ठेवू नका, क्षार जास्त झाले तर पीक जळतं. एक-दोन ट्रॉल्या माती सहज निघते.